एकाच गुडघ्याच्या दोन किमती

माझा मावसभाऊ फरशी बसवतो. बसवायचा, असं म्हणायला हवं. या कामात माणूस दिवसभर एक तर उकिडवा असतो, नाहीतर गुडघ्यांवर. माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, लेव्हल बघायची आणि दोन फूट मागं सरकायचं. उभ्यानं यातलं काहीच होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संध्याकाळी कामावरून दुचाकीनं घरी येताना साताऱ्याजवळच्या सर्व्हिस रोडवर पुढच्या पिकअपनं इंडिकेटर न देता एकदम डावीकडे घेतलं आणि हा तिच्यावर जाऊन आदळला. उजव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं. प्लेट पडली, सात स्क्रू पडले, सहा महिन्यांनी पुन्हा एक ऑपरेशन झालं. आज तो चालतो, जिना चढतो, मोटरसायकलही चालवतो. फक्त गुडघा सत्तर अंशांच्या पुढं वाकत नाही.

लग्नाकार्यात भेटलेले लोक म्हणतात, ‘बरा झालास की रे!’

त्या संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेलं ते शेजारच्या पानटपरीवाल्यानं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? टपरीवाल्याला पोलिसांच्या लफड्यात पडायचं नव्हतं. तो म्हणाला, ‘गाडीवरून पडला.’ डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. त्यांचंही काही चुकलं नाही. त्यांना हाडाशी काम होतं. दोन शब्दांची ती नोंद केस पेपरवर राहिली. एकोणीस दिवसांनी, भाऊ जरा शुद्धीवर येऊन सलग बोलायला लागल्यावर, पोलिसांत फिर्याद दाखल झाली आणि पिकअपचा नंबर नोंदला गेला. आज त्या पिकअपच्या विमा कंपनीचं सगळं म्हणणं या दोन कागदांवर उभं आहे. दवाखान्याच्या कागदाप्रमाणे म्हणे हा स्वतःच गाडीवरून पडला होता, आणि एकोणीस दिवसांनी कुणीतरी अक्कल शिकवल्यावर याला पिकअप आठवली.

मी कायद्याचा माणूस नाही. पण गेली तीन वर्षं त्याच्याबरोबर वकिलाकडे, सिव्हिल हॉस्पिटलला आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात खेटे घालताना एक गोष्ट मनात पक्की झाली. आपल्याकडे जखमी दुचाकीस्वाराला भरपाई देणारा कायदा कंजूष नाही. उलट वाचायला बसलं तर तो पुष्कळ उदार आहे. पण हातात प्रत्यक्ष किती पडतं, हे ठरतं पहिल्या आठवड्यात तयार झालेल्या कागदांवर आणि नंतर किती वर्षं वाट बघायची ऐपत आहे यावर. आणि ही दोन्ही ओझी कायद्यानं टाकली आहेत ती पाय ट्रॅक्शनला बांधून पडलेल्या माणसावर. माझी तक्रार एवढीच आहे.

आकडे एकदा बघून घेऊ. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे मेलेल्या दर शंभरांत चव्वेचाळीस-पंचेचाळीस. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ बळी गेले. याच अहवालात आणखी एक आकडा आहे, ज्याचा मथळा कधी होत नाही: ४,४३,३६६ जखमी. आणि हे फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले. टपरीवाल्यानं ‘पडला’ म्हटलं की तो माणूस या आकड्यातूनही गळतो.

मेलेल्याच्या दाव्यात निदान मृत्यू सिद्ध करावा लागत नाही. जखमीच्या दाव्यात जखमेचीच उलटतपासणी होते.

आता गुडघ्याचा हिशेब. भरपाई काढायची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं बऱ्यापैकी घालून दिली आहे. सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीनं गुणायचं ते, ठरले. बत्तीस वर्षांच्या माणसाला १६. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की कमाई पुढं वाढणार हेही धरा; स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के. मृत्यूच्या दाव्यासाठी सांगितलेली ही वाढ जखमीलाही मिळायला हवी, असं २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात ठरलं. तो टायपिंगची कामं करणारा तरुण, उजवा हात गेलेला. उच्च न्यायालयानं त्याच्या कमावण्याच्या ताकदीचं नुकसान ४५ टक्के धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं ते ६५ केलं.

माझ्या भावाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर लिहिलंय: उजवा पाय, ३६ टक्के. विमा कंपनीचे वकील म्हणतात, हे एका पायाचं झालं, सबंध शरीराचं धरायचं तर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२ टक्के. कमाईचा पुरावा नाही. फरशीवाल्याला पगारपत्रक कोण देतो? तेव्हा महिना दहा हजार धरा. वाढ कशाला धरायची, माणूस तर चालताफिरता आहे. वर्षाचे १,२०,०००, गुणिले १६, त्याचे १२ टक्के. झाले २,३०,४००.

हाच गुडघा दुसऱ्या बाजूनं बघा. दिवसाला नऊशे रुपये हजेरी, महिन्यात वीस दिवस काम, म्हणजे १८,०००. वर्षाचे २,१६,०००. त्यात ४० टक्के वाढ धरली की ३,०२,४००. गुणिले १६ केले की ४८,३८,४००. फरशीचं काम कायमचं गेलं, पण दुकानात बसून काही करू शकतो, म्हणून नुकसान साठ टक्केच धरू. २९,०३,०४०.

दवाखान्याचा खर्च आणि वेदनेचे पैसे दोन्हीकडे वेगळे. गुडघा तोच, स्क्रू तेच, वाकणं तेच सत्तर अंश. सव्वादोन लाख की एकोणतीस लाख, यातला फरक ना ट्रॅफिकच्या नियमात आहे ना वैद्यकशास्त्रात. तो तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे, आणि तिन्ही उत्तरं कुणीतरी कागदावर लिहावी लागतात: हा काय काम करत होता, त्यातून किती कमवत होता, आणि त्या कामाला हा गुडघा किती लागतो.

यातल्या तिसऱ्या प्रश्नावर कायदा पुरता स्पष्ट आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायालयानं डाव्या हाताचं उदाहरण दिलंय. डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास येईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के, आणि सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकेलही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, संपलं, आता भांडायला काय उरलं? उरलं ते असं, की सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्याच्या नमुन्यात धंदा लिहायला जागाच नव्हती. डॉक्टरांनी कोनमापी लावून गुडघा किती वाकतो ते मोजलं, खुर्चीतून उठायला लावलं, दहा पावलं चालायला लावलं. उकिडवं बसायला कुणी सांगितलं नाही. भावानं आपणहून सांगायचा प्रयत्न केला की साहेब, मी फरशी बसवतो. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर रांगेत तीसेक जण होते, त्यांचाही इलाज नव्हता.

तेव्हा माझी पहिली मागणी अगदी क्षुद्र वाटेल अशी आहे. अपघातातल्या जखमीच्या दाखल्यावर एक रकाना वाढवा: धंदा काय, आणि या जखमेनंतर त्यातली कोणती हालचाल होत नाही. डॉक्टरांनी टक्के काढून कमाईचा निकाल द्यावा असं नाही, तो न्यायाधिकरणाचाच अधिकार आहे. पण ‘उकिडवं बसता येत नाही’ ही पाच सेकंदांत बघता येणारी गोष्ट कागदावर आली तर तिच्यासाठी पुन्हा दोन वर्षं डॉक्टरांना साक्षीला बोलवत बसावं लागत नाही.

कमाईचंही तसंच. पगाराचा दाखला नसला म्हणून किमान वेतनाचा आकडा हीच शेवटची रेघ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका मृत ट्रकचालकाच्या प्रकरणात सांगितलंय. पण त्यासाठीही काहीतरी दाखवावं लागतं. आमच्याकडे एका ठेकेदाराची खिशातली डायरी होती, तेलकट डागांची, त्यात हजेरीच्या फुल्या आणि उचल मांडलेली. ठेकेदार साक्षीला यायला तयार होईना. त्याला भीती, मजुरांचा विषय निघाला तर आपल्यालाच नोटीस लागेल. शेवटी त्याची डायरी मिळाली, तो आला नाही. गंमत म्हणजे ॲपवरून जेवण पोचवणारी पोरं या एका बाबतीत सुखी आहेत. त्यांची रोजची कमाई फोनमध्ये आणि बँकेत दिसते. पाय मोडलेल्या कुणालाही मी हेच सांगतो: कुठूनही आलेला पैसा दिसेल असा कागद आधी जपा, एक्स-रे नंतर.

उलटतपासणीत भावाला एक प्रश्न विचारला गेला, ‘हेल्मेट घातलं होतं का?’ नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. वकिलांनी विजयी मुद्रेनं न्यायाधीशांकडे पाहिलं.

मला इथं घोळ घालायचा नाही. हेल्मेट घालायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ तसं सांगतं, आणि २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं मेली, यापुढं वाद नाही. पण मोडलाय गुडघा. दंड हा नियम मोडल्याचा असतो आणि भरपाईतली कपात ही जखमेला हातभार लावल्याची असते, या दोन गोष्टी आपल्या बोलण्यात सर्रास एकच होतात. सर्वोच्च न्यायालयानं हा गुंता दुचाकीच्याच प्रकरणांत सोडवलाय. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात २०२० मध्ये एका मोटरसायकलवर तिघं होते. उच्च न्यायालयानं त्यासाठी दहा टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ट्रिपल सीट हा गुन्हा असेल, पण त्यामुळं अपघात झाला किंवा जखम वाढली हे दाखवल्याशिवाय पैसे कापता येणार नाहीत. सुधीरकुमार राणा प्रकरणात २००८ मध्ये लायसन्स नसलेल्या मुलाबद्दल हेच ठरलं. हेल्मेट नसलेल्याच्या डोक्याला मार लागला तर कपातीचा युक्तिवाद मी समजू शकतो. त्यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे निकाल एका सुरात नाहीत, आणि नसणं स्वाभाविक आहे. पण गुडघ्याच्या केसमध्ये हेल्मेट विचारणं म्हणजे माणूस बेशिस्त आहे एवढंच चिकटवून ठेवणं. दुचाकीवाला म्हणजे मधूनच घुसणारा, ही आपली सगळ्यांची, अगदी दुचाकी चालवणाऱ्यांचीही, समजूत आहे. तिचे पैसे कुणाच्या तरी भरपाईतून वळते होतात.

आता वेळेची गोष्ट. भाऊ वकिलाकडे गेला अपघातानंतर आठव्या महिन्यात. त्याआधी दोन ऑपरेशनं, मधे उधारी, मधे बायकोनं पापडाच्या कारखान्यातलं काम सोडून त्याला उठवणं-बसवणं. वकिलांनी तारीख बघितली आणि कपाळाला हात लावला. १९९४ पासून २०२२ पर्यंत या दाव्यांना मुदतच नव्हती. १९८८ च्या कायद्यात आधी सहा महिन्यांची होती, ती १९९४ च्या दुरुस्तीनं काढून टाकली, कारण गोरगरिबांचे दावे नुसते तारखेवर मरत होते. २०१९ च्या दुरुस्तीनं तीच मुदत कलम १६६ मध्ये परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. उशीर माफ करायची तरतूदही ठेवली नाही. जमिनीच्या मालकीचा दावा लावायला बारा वर्षं मिळतात, हात उसन्या पैशाला तीन वर्षं. मोडलेल्या हाडाला सहा महिने, ज्यातले चार बहुधा पलंगावर जातात.

सरकारची बाजू अशी, की मुदत कडक वाटली तरी जखमीला अर्ज करायची गरजच पडू नये अशी व्यवस्था केली आहे. खरंच केली आहे, कागदावर. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि न्यायाधिकरणानं तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरायचा. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याची अंमलबजावणी करायला सगळ्या राज्यांना बजावलं, पोलीस ठाण्यांत स्वतंत्र पथकं नेमायला सांगितली. ही व्यवस्था चालली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. भावाच्या बाबतीत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात पोचलाच नाही. आणि इथं कायद्याचा तोल बघा: पोलिसांनी नव्वद दिवस चुकवले तर कुणाचं काही अडत नाही, जखमीनं एकशेऐंशी चुकवले तर त्याचा हक्कच संपतो.

विमा कंपनीनं मुदतीचा आक्षेप घेतला. तो मुद्दा दोन वर्षं लोंबकळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की या मुदतीच्या कारणावरून कोणताही दावा तूर्त फेटाळू नका. मुदतीची तरतूदच घटनेला धरून आहे की नाही, याचा निर्णय व्हायचा आहे. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण त्या दिवशी वकिलांनी चहा पाजला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर लाखो लोकांनी बसून राहावं हे काही बरं नाही. संसदेनं आपण होऊन ती मुदत काढावी. एकदा काढली होतीच.

याहून मोठी गफलत मात्र दुसऱ्याच कलमात आहे, आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलताना दिसत नाही. जुन्या कायद्यात कलम १४० होतं. चूक कुणाची हे न बघता मृत्यूला पन्नास हजार आणि कायमच्या अपंगत्वाला पंचवीस हजार लगेच मिळायचे. रक्कम तुटपुंजी होती, पण तिचा स्वभाव उचलीचा होता. मुख्य दावा चालू राहायचा आणि शेवटी मिळणाऱ्या रकमेतून ती वळती व्हायची. २०१९ च्या दुरुस्तीनं ते कलम गेलं. त्या जागी आलेल्या कलम १६४ मध्ये मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, तेही चूक सिद्ध न करता. फ्रॅक्चर हे गंभीर दुखापतीत मोडतं. ऐकायला दहापट चांगलं. पण मेख अशी, की विमा कंपनीबरोबरच्या तडजोडीत हे अडीच लाख स्वीकारले की न्यायाधिकरणातला दावा आपोआप संपतो.

म्हणजे ज्या माणसाला अडीच लाखांची आजच गरज आहे, त्यानं एकोणतीस लाखांवर पाणी सोडायचं. खरचटलेल्याला हे चालेल. प्लेट पडलेल्या फरशीवाल्याला दुसऱ्या महिन्यात हा प्रस्ताव दिला तर तो नाही म्हणेल कसा? घरात डाळ-तांदूळ उधारीवर येतोय, मेडिकलवाला फोन करतोय. आजवर मी पाहिलेल्या सगळ्या तडजोडी अशाच झाल्या आहेत. घेणाऱ्याला हिशेब कळत नव्हता असं नाही, त्याच्याकडे वेळ नव्हता. कलम १६४ ची रक्कम पुन्हा उचल म्हणून द्या, शेवटच्या निकालातून कापून घ्या. विमा कंपनीला एक पैसा जास्त द्यावा लागणार नाही, फक्त आधी द्यावा लागेल. या लेखातली कोणती एकच गोष्ट व्हावी असं कुणी विचारलं तर मी ही सांगेन.

विमा कंपन्यांचंही ऐकलं पाहिजे. खोटे दावे होतात, भरपूर होतात. कुठंतरी झाडाला धडकलेल्या माणसाच्या केसमध्ये विमा असलेली ओळखीची गाडी लावायची, ही युक्ती कोर्टाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या तपासासाठी २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला विशेष पथक नेमायला लावावं लागलं. त्यामुळं उशिराची फिर्याद दिसली की कंपनीच्या भुवया उंचावणार, हे मी मान्य करतो. पण फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, आपल्या समाजात लोक आधी माणूस वाचवायला धावतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. आणि खोटे दावे थांबवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तोच ४८ तासांचा अहवाल. पहिल्या दोन दिवसांत पोलिसांनी घटनास्थळ, गाड्या आणि साक्षीदार नोंदले तर तिसऱ्या आठवड्यात गाडी लावता येत नाही, आणि खऱ्या जखमीला तिसऱ्या आठवड्यात पिकअप ‘आठवावी’ लागत नाही. दोघांचाही फायदा ज्यात आहे तेच काम होत नाही.

हप्त्याचं रडगाणंही असतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, आणि देणं मात्र अमर्याद. पण माझ्या भावाला पैसे द्यायचे आहेत ते पिकअपच्या विम्यातून, आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा हप्ता २०२२ पासून १६,०४९ रुपये आहे. तो कमी पडत असेल तर वाढवून मागा, चर्चा करू. कमी पडलेला हप्ता जखमीला थकवून भरून काढायचा, हा हिशेब बरोबर नाही.

समोर गाडीच नसेल तर? टक्कर देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीत मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे. किती जणांना माहीत आहे? सर्वोच्च न्यायालयापुढं जानेवारी २०२४ मध्ये आलेले आकडे असे: २०२२ मध्ये असे अपघात ६७,३८७, २०२२-२३ या आर्थिक वर्षात आलेले अर्ज २०५. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

खड्ड्यात पडलेल्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दार उघडलंय. खड्ड्यानं मृत्यू झाला तर सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, आणि रक्कम शेवटी जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणतं. पण दवाखान्यातल्या केस पेपरवर इथंही ‘गाडीवरून पडला’ एवढंच असणार. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात मुरूम पडलेला असतो.

आणि चूक स्वतःचीच असेल तर थर्ड पार्टी विमा चालकाला एक पैसा देत नाही, हे पुष्कळांना अपघातानंतरच कळतं. मागे बसलेल्या बायकोलाही नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण नाही, हे २००६ च्या तिलक सिंग निकालापासून पक्कं आहे. पूर्ण पॅकेज पॉलिसी असेल तर आहे. उरतो तो मालक-चालकाचा सक्तीचा पंधरा लाखांचा अपघात विमा. मृत्यूला पूर्ण, एक हात किंवा पाय किंवा डोळा गेला तर निम्मा. न वाकणाऱ्या गुडघ्याला तिथं शून्य. पाय जागेवर आहे ना!

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आली आहे. अपघातानंतर सात दिवस, दीड लाखांपर्यंत. चांगली आहे, मनापासून म्हणतो. जीव वाचवायला आणि पहिल्या प्लेटपुरती ती कामाला येईल. आठव्या दिवशी घरी काय शिजवायचं हा प्रश्न तिच्या कक्षेत नाही, तो कलम १६४ च्या कक्षेत असायला हवा होता.

भावाच्या केसचं सध्या असं आहे. पुरावा निम्मा झालाय. डॉक्टरांची साक्ष व्हायची आहे. दोनदा समन्स गेलं, दोनदा ते ऑपरेशनमध्ये होते. बायकोनं काम सोडून जी सेवा केली तिचेही पैसे मागता येतात, हे वकिलांच्या उशिरा लक्षात आलं आणि अर्जात दुरुस्ती झाली. दावा टक्केवारीवर घ्यायला वकिलांना मनाई आहे, त्यामुळं आमच्यात त्याविषयी काहीच बोलणं झालेलं नाही, एवढंच इथं लिहितो.

मागच्या रविवारी त्याचा फोन आला. तो आता हार्डवेअरच्या दुकानात महिना आठ हजारांवर बसतो. दुकानदारानं त्याच्यासाठी काउंटरमागं उंच स्टूल ठेवलंय, पाय लांब करून बसता यावं म्हणून. गिऱ्हाईक फरशीचं विचारायला आलं की हा माल किती लागेल, उतार कुठं द्यायचा, सगळं सांगतो. म्हणाला, ‘दादा, कंपनीवाले लोकअदालतीत चार लाख म्हणत्यात. जास्तीत जास्त साडेचार करतील. घेऊ का?’

लोकअदालतीत सही केली की त्यावर अपील नाही, हे त्याला माहीत आहे. न घेता लढायचं तर निकालाला आणखी दोन वर्षं, मग कंपनी उच्च न्यायालयात जाणार, हेही त्याला माहीत आहे. एकोणतीस लाखांचा हिशेब मीच त्याला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला होता. मी विचारलं, कर्ज किती आहे रे अजून? तो म्हणाला, ‘तीन लाख ऐंशी.’

लोकअदालत येत्या शनिवारी आहे. मी त्याला अजून उलट फोन केलेला नाही.